त्रिकोण या शब्दाची कुळकथा

आज ज्या शब्दाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहे, तो ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना शाळेंतील कंपासपेटीची आठवण होईल, आणि कांहींना परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाठ केलेल्या सिद्धांतांची. परंतु माझा आजचा विषय भूमिति नव्हे. त्रिकोण ही आकृति बाजूस ठेवून त्रिकोण हा शब्द आपण थोडा वेळ हातांत घेऊं, आणि तो कोठून आला, कोणाकोणाच्या घरीं राहिला व हल्लीं कोणता उद्योग करतो, हें पाहूं. उद्योग हा शब्द मीं मुद्दामच वापरला. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण असा जो कारखान्यांचा पट्टा आज पसरला आहे, तेथें हा शब्द जितक्या अर्थांनीं रोज राबतो, तितका तो अन्यत्र क्वचितच राबत असेल.

प्रथम त्याची जन्मकथा. आपल्या प्राचीनांनीं या आकृतीला एकच नांव दिलें नव्हतें. यज्ञवेदी रचण्याचे नियम ज्यांत सांगितले आहेत त्या शुल्बसूत्रांत तिला 'प्रउग' म्हटलें आहे. रथाच्या दांड्या पुढें एकत्र येऊन जो निमुळता भाग होतो, त्याचें हें नांव. म्हणजे आकृति रथकारानें पाहिली, आणि तिला मिळालेलें नांवहि त्याच्याच धंद्यांतलें. पुढें गणितज्ञांनीं 'त्र्यस्र' आणि 'त्रिभुज' हे शब्द रूढ केले. एकांत कडा मोजल्या आहेत, दुसऱ्यांत बाहु. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें पायाची अर्धी लांबी व लंब यांच्या गुणाकारानें त्रिभुजाचें क्षेत्रफळ काढण्याचा नियम सांगितला आणि त्या क्षेत्रफळाला 'फलशरीर' असा सुंदर शब्द योजला. शरीर हा शब्द आपण लक्षांत ठेवावा. शेवटीं त्याची गरज लागणार आहे. सन ११५० मधील लीलावतींत भास्कराचार्यांनीं ज्याच्या दोन भुजा एकमेकींशीं काटकोनांत आहेत त्या आकृतीला 'जात्य त्र्यस्र' म्हटलें. जात्य म्हणजे कुलीन. त्रिकोणांतहि कुळशील पाहणारी ही दृष्टि मोठी मौजेची आहे.

मग त्रिकोण हा शब्द आला कोठून? आपल्या भाषेंत तो अधिक मान पावला तो ज्योतिषामुळें. जन्मकुंडलींतील पहिलें, पांचवें व नववें हीं स्थानें मिळून त्रिकोण होतो, आणि तो शुभ मानला जातो. ग्रीक भाषेंत याच आकृतीला 'त्रिगोनोन' म्हणतात, आणि त्यांच्या फलज्योतिषांतहि हाच शब्द याच अर्थानें आहे. होरा, केंद्र, जामित्र या शब्दांप्रमाणें ज्योतिषांतील त्रिकोणहि यवनांच्या संगतीनें आपल्याकडे आला, असें पुष्कळ विद्वान मानतात. तसें असेल तर मोठ्या प्रवासाचा हा पाहुणा आपल्या घरीं इतका रुळला कीं त्याचें परकेपण आज कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. केंद्र हा शब्द तरी कोणाला परका वाटतो? आरोग्यकेंद्राच्या पाटीखालून जातांना कोणी ग्रीसची आठवण काढीत नाहीं. ज्योतिषांतील दुसरा एक हिशेब मात्र मराठीनें अगदीं संसारांतच ओढून घेतला. एकापासून दुसरें सहावें आणि दुसऱ्यापासून पहिलें आठवें, या स्थितीला षडाष्टक म्हणतात. दोघी जावांचें पटत नसलें कीं त्यांचें षडाष्टक आहे असें आपण सहज म्हणतों; पण पटत असलें तर त्यांचा त्रिकोण आहे असें कोणी म्हणत नाहीं. भांडणासाठीं भाषेजवळ शब्द नेहमींच अधिक असतात.

आतां मराठींतील या शब्दाचें लेखन पहा. एकटा असतो तेव्हां आपण 'कोन' लिहितों, शेवटीं न. त्रिकोण लिहितांना मात्र शेवटीं ण येतो, आणि चौकोन म्हणतांच पुन्हा न. लहान मुलें याबद्दल विचारतात आणि त्यांना 'असेंच असतें' हें उत्तर मिळतें. परंतु यांत एक छोटा इतिहास आहे. संस्कृतांतील मूळ शब्द कोण हाच होय. मराठीनें त्याचा कोन केला. त्रिकोण हा शब्द जसाच्या तसा संस्कृतांतून आणला, म्हणून त्याचा ण शाबूत राहिला. चौकोन मराठीनें आपल्या घरींच घडविला, म्हणून त्याला घरचा न मिळाला. त्रिकोणालाहि असाच एक घरगुती भाऊ आहे, त्याचें नांव तिकोना. त्रिकोण शाळेंत गेला, तिकोना गांवींच राहिला.

हा तिकोना नांवानेंच पाहावयाचा असेल तर पिंपरी-चिंचवडपासून फार लांब जावें लागत नाहीं. मावळांत पवना धरणाच्या जवळ तिकोना नांवाचा किल्ला उभा आहे. त्याचें दुसरें नांव वितंडगड. दुरून डोंगराचा आकार पाहिला कीं हें नांव कोणी ठेवलें असेल असा प्रश्न पडत नाहीं; तें डोंगरानें स्वतःच सांगितलेलें आहे. सन १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले त्यांत तिकोना होता. आज त्याच्या पायथ्याशीं पसरलेल्या पवनेचें पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतें. त्या शहरांतील गृहिणी सकाळीं हंडा भरते, तेव्हां तिकोन्याची सावली ज्यावर पडली तें पाणी तिच्या घरीं आलेलें असतें.

घराचा उल्लेख आला आहे तर आपण थोडें आंत जाऊं. घडीची पोळी करतांना आपली आई किंवा पत्नी लाटलेल्या पोळीला तेलाचा हात लावून एकदां घडी घालते, मग पुन्हा घडी घालते, आणि तिकोनी उंडा पुन्हा लाटते. प्रवासांत किंवा शेतावर तीन धोंडे मांडून चूल केली जाते. धोंडे तीनच कां? दोनांवर भांडें राहत नाहीं, आणि चार मांडले तर ओबडधोबड जमिनीवर एक धोंडा खालीं राहून भांडें डुगडुगतें. तीन टेंकू मात्र कशाहि जमिनीवर मांडा, भांडें स्थिर बसतें. तिवईची गोष्ट तीच. चार पायांची खुर्ची डगमगते व तिच्या पायाखालीं आपण कागदाची घडी सरकवितों. तिवईला तो उपचार लागत नाहीं. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातें, हा भूमितींतील सिद्धांत आपल्या बायकांना चुलीपाशीं फार पूर्वींच ठाऊक होता. घराबाहेर पडलें कीं कोंकणांत तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात; कोल्हापुरास पापाची तिकटी प्रसिद्धच आहे; आणि देशावर आपण फाटा म्हणतों. हे सारे त्रिकोणाच्या भावकीचेच शब्द.

आतां या शब्दाला कारखान्यांत नेऊं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतर चिंचवड, आकुर्डी, भोसरी व पुढें चाकण येथें एकामागून एक कारखाने उभे राहिले. या कारखान्यांत आपण आंत शिरलांत आणि वर पाहिलेंत, तर प्रथम दृष्टीस पडतो तो त्रिकोणच. छपराला आधार देणारी जी लोखंडी सांगाडी रचना असते तिला आपले कारागीर कैची म्हणतात. ही कैची म्हणजे लहानमोठ्या त्रिकोणांची माळ होय. चार पट्ट्या घेऊन त्यांच्या टोकांना एकेक खिळा मारा आणि चौकट बाजूनें ढकला. ती तिरपी होते. जुनी बाज अशीच एका अंगाला कलते. तीन पट्ट्यांची चौकट मात्र ढकलून पहा, ती जागची हलत नाहीं. याचें कारण असें कीं तिन्ही बाजूंच्या लांब्या एकदां ठरल्या म्हणजे कोनहि ठरून जातात. चार बाजूंच्या लांब्या ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात. म्हणून कलणाऱ्या बाजेला सुतार कोपऱ्यांतून कोपऱ्यांत एक तिरपी पट्टी ठोकतो आणि एका चौकोनाचे दोन त्रिकोण करतो. रेल्वेचा पूल, विजेच्या तारांचा मनोरा आणि सायकलचा सांगाडा हे सर्व याच एका युक्तीवर उभे आहेत.

कैचीखालून यंत्रांकडे वळलें कीं त्रिकोण लहान होतो, पण नाहींसा होत नाहीं. करवतीचे दांते घासण्याची कानस तिकोनी असते. नटबोल्टावर जे आटे पाडलेले असतात त्यांचा छेद त्रिकोणी असतो. आज जगभर चालणाऱ्या मेट्रिक पद्धतींत त्या आट्याचा कोन ६० अंशांचा, म्हणजे समभुज त्रिकोणाचा, धरला जातो. १८४१ मध्यें व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानें सुचविलेल्या जुन्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. पांच अंशांचा हा फरक बारीक दिसतो, परंतु एका आट्याचा बोल्ट दुसऱ्या आट्याच्या नटांत नीट बसत नाहीं, आणि जबरदस्तीनें बसविला तर दोघांचेहि आटे जातात. चाकणहून निघणाऱ्या प्रत्येक गाडींत असे शेंकडों बोल्ट असतात. समभुज त्रिकोणाला दांडीभोंवतीं मळसूत्रासारखा गुंडाळून आपण गाडीबरोबर रस्त्यावर धाडतों, असें म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं.

जुन्या कामगारांच्या बोलण्यांत त्रिकोणाचा आणखी एक अर्थ आढळतो. यंत्राच्या भागाचा नकाशा काढतांना त्याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हें पूर्वीं उलट्या त्रिकोणांनीं दाखवीत. एक त्रिकोण म्हणजे ओबडधोबड काम, दोन म्हणजे बरें, तीन म्हणजे चांगलें, आणि चार म्हणजे आरशासारखें. आतां नकाशावर गुळगुळीतपणा आंकड्यांनीं लिहितात. त्रिकोणांची ती भाषा मागें पडली आहे. तरीहि एखाद्या लहान कारखान्यांतला वयस्क मिस्त्री 'याला तीन त्रिकोण पाहिजेत' असें म्हणाला, तर त्याला भूमिति शिकवावयाची नसते. काम मन लावून कर, एवढाच त्याचा अर्थ असतो.

विजेच्या कामांत हाच आकार ग्रीक नांवानें वावरतो. ग्रीक वर्णमालेंतील चौथें अक्षर डेल्टा हें त्रिकोणासारखें काढतात. मोठ्या मोटरीच्या आंत तारांचीं तीन वेटोळीं असतात. त्यांचीं टोकें एकमेकांस जोडून त्रिकोण केला तर ती जोडणी डेल्टा. तिन्हींचें एकेक टोक मध्यें एकत्र बांधलें तर ती स्टार. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्टार जोडणींत प्रत्येक वेटोळ्याला सुमारे २४० व्होल्टच मिळतात, आणि मोटर सुरू होतांना ती जो प्रवाह ओढते तो डेल्टाच्या एकतृतीयांश होतो. म्हणून मोटर प्रथम स्टारमध्यें चालू करतात, आणि तिनें वेग घेतला कीं डेल्टामध्यें आणतात. भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणाला स्टार-डेल्टा हा जोडशब्द रामलक्ष्मणाइतका सवयीचा असतो. नदीच्या मुखाशीं गाळ सांचून जो प्रदेश तयार होतो त्यालाहि नाईल नदीच्या आकारावरून ग्रीकांनीं डेल्टा म्हटलें. मराठी भूगोलानें त्याला त्रिभुज प्रदेश हें चांगलें नांव दिलें. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्रांत समुद्राला मिळतांना असा त्रिभुज प्रदेश रचते. म्हणजे देहूच्या घाटावरून गेलेलें पाणीहि अखेर त्रिकोणांतच विसांवतें.

त्रिकोणमिति या शब्दाचेंहि आपल्या भूमीशीं एक जुनें नातें आहे. एक बाजू व दोन कोन मोजले कीं उरलेल्या बाजू न मोजतां हिशेबानें काढतां येतात. एवढ्या एका तत्त्वावर १८०२ सालीं मद्रासजवळ विल्यम लँब्टन यानें हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. डोंगरामागून डोंगर, मनोऱ्यामागून मनोरा असे त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे निघाला, आणि १८२३ सालीं वर्ध्याजवळील हिंगणघाट येथें त्याचा देह पडला. त्याच्यामागून हें काम जॉर्ज एव्हरेस्ट यानें पुढें नेलें; आणि त्याच त्रिकोणांच्या सांखळीनें पुढें हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट ठरविली. शिखरावर कोणी पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीं त्रिकोण तेथें जाऊन आला होता.

आतां मी त्या अर्थांकडे येतों ज्यांत या शब्दाशीं माणसांचे प्राण जोडलेले आहेत. १९६० नंतरच्या दशकांत भिंतीभिंतींवर उलटा लाल त्रिकोण रंगविलेला दिसूं लागला. ती कुटुंबनियोजनाची खूण होती. अक्षरओळख नसलेल्या बाईलाहि ती कळे, आणि चारचौघांत ज्याविषयीं बोलणें कठीण, त्याविषयीं विचारावयाचें कोठें हें तिला मुकाट्यानें समजे. चित्रलिपीचें याहून चांगलें उदाहरण देणें कठीण आहे.

कारखान्यांत नव्या कामगाराला आगीचा त्रिकोण शिकवितात. जळण्याजोगी वस्तु, प्राणवायु आणि उष्णता या त्याच्या तीन बाजू. कोणतीहि एक बाजू काढली कीं आग विझते. हें ज्ञान घरींहि उपयोगाचें आहे. कढईंतील तेलानें पेट घेतला तर त्यावर पाणी ओतूं नये. पेटलेलें तेल त्यानें चहूंकडे उडतें. शेगडी बंद करावी आणि कढईवर झांकण सरकवावें. शेगडी बंद केल्यानें एक बाजू गेली, झांकणानें दुसरी गेली. एवढा एक त्रिकोण घरांतल्या प्रत्येकाला पाठ असावा असें मला वाटतें.

तिसरा त्रिकोण रस्त्यावरचा. धोक्याची सूचना देणारी पाटी तांबड्या कडेची व तिकोनी असते, टोंक वर. थांबून दुसऱ्याला वाट द्या असें सांगणारी पाटी उलटी, टोंक खालीं. आणि वाहन रस्त्यांत बंद पडलें तर त्याच्या मागें उभा करावयाचा तांबडा, चमकणारा त्रिकोण वाहनाबरोबरच मिळतो. चाकणच्या कारखान्यांतून लक्षावधि वाहनें बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर हे त्रिकोणहि बाहेर पडतात. परंतु पुणे-नाशिक रस्त्यावर बंद पडलेल्या मालमोटारीच्या मागें आपल्याला काय दिसतें? बहुधा चार मोठे दगड आणि झाडाची एक तोडलेली फांदी. त्रिकोण तसाच बैठकीखालीं, पुष्कळदां वेष्टनांत. मालमोटार दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र तेथेंच राहतात. आणि रात्रीं तिसरी पाळी करून दुचाकीवरून घरीं निघालेल्या माणसाला ते दिसत नाहींत. ताशीं ८० किलोमीटर वेगानें येणारें वाहन एका सेकंदांत २२ मीटर पुढें जातें. चालकाला दिसणें, उमगणें आणि पाय दाबणें यांतच एक-दोन सेकंद जातात. म्हणून त्रिकोण गाडीला टेंकवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तो मागें निदान पन्नास-साठ पावलें नेऊन ठेवावा लागतो, आणि निघतांना आठवणीनें उचलावा लागतो. ज्या पट्ट्यानें देशाला इतकीं वाहनें पुरविलीं, त्या पट्ट्यांतच या साध्या खुणेचा अर्थ दगडानें सांगावा लागावा, ही गोष्ट आपणां सर्वांना विचार करावयास लावणारी आहे. शब्द ठाऊक असणें आणि त्याचा अर्थ पाळणें यांत अंतर पडलें कीं त्याची किंमत कोणीतरी देतोच.

आतां लाक्षणिक अर्थ. कथाकादंबऱ्यांत प्रेमाचा त्रिकोण असतो. दोन पुरुष व एक स्त्री, किंवा दोन स्त्रिया व एक पुरुष. परंतु बारकाईनें पाहिलें तर त्याला त्रिकोण म्हणणें भूमितीला मान्य होणार नाहीं. ते दोन पुरुष त्या स्त्रीशीं जोडलेले असतात, एकमेकांशीं नसतात. तिसरी बाजू तेथें नाहींच. शाळेच्या वाद्यवृंदांत ट्रायँगल नांवाची पोलादी सळई वाजवितात, तिचाहि एक कोपरा उघडाच असतो, आणि म्हणूनच तिचा नाद मोकळा उमटतो. प्रेमाच्या त्रिकोणांतून इतकें काव्य निघतें त्याचें कारणहि बहुधा हेंच असावें.

याहून गंभीर उपयोग आहे तो सुवर्णत्रिकोणाचा. मुंबई, पुणें आणि नाशिक या तीन शहरांना जोडून महाराष्ट्राचा औद्योगिक सुवर्णत्रिकोण असें म्हणण्याचा प्रघात आहे. चिंचवड त्याच्या मुंबई-पुणें या भुजेवर बसलें आहे आणि चाकण पुणें-नाशिक या भुजेवर. हें नांव ऐकलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तीन टोंकें येतात व तीं जोडणारे तीन रस्ते येतात. मध्यें काय आहे? मध्यें भीमाशंकराचें अरण्य आहे, महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे, आणि ठाकर व महादेव कोळी यांच्या वाड्यावस्त्या आहेत. या सुवर्णाचा वर्ख त्यांच्यापर्यंत किती पोंचला, हा प्रश्न त्या शब्दानेंच झांकून टाकला आहे.

हीच गोष्ट लहान प्रमाणावर पहावयाची असेल तर नाशिक फाटा, तळेगांव दाभाडे आणि चाकण हीं तीन ठिकाणें नकाशावर जोडून पहा. प्रत्येक भुजा वीस किलोमीटरच्या आसपास भरते, जवळजवळ समभुजच. पाया वीस व लंब सतरा धरला तर आर्यभटाच्या नियमानें क्षेत्रफळ १७० चौरस किलोमीटर येतें. तिन्ही भुजांवर मालमोटारींची रांग अखंड चाललेली असते. आणि या त्रिकोणाच्या पोटांत देहू आहे. इंदुरीजवळ इंद्रायणी त्यांत शिरते, देहूवरून वाहते आणि मोशीपाशीं नाशिकचा रस्ता ओलांडून आळंदीकडे जाते. अलीकडच्या वर्षांत आळंदीस नदीवर फेंसाचे थर आल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचल्या आहेत. दर वर्षीं तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीस मुक्काम करते आणि त्याच जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें पिंपरीवरून, नाशिक फाट्यावरून पुढें पुण्याकडे जाते. त्या दिवशीं मालमोटारी थांबतात. वर्षाचे उरलेले दिवस मात्र भुजांचा कारभार चालतो, आणि पोटांतल्या शेताला, विहिरीला व नदीला त्या कारभारांत मत नसतें.

श्रोतेहो, आर्यभटाचा तो शब्द आतां मी पुन्हा आठवतों: फलशरीर. त्रिकोण केवळ तीन टोंकांचा किंवा तीन रेघांचा नसतो, त्याला शरीर असतें. कारखाने निघाले म्हणून मावळांतल्या हजारों घरांत दोन वेळची चूल निश्चिंतपणें पेटली, मुलें शिकलीं, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या तरुणांना काम मिळालें. हें खरें आहे आणि तें कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु उद्योगाची योजना करणाऱ्यांनीं आणि तिच्यावर पोसलेल्या आपल्यासारख्यांनीं सुवर्णत्रिकोण असें म्हणतांना त्या तीन भुजांच्या आंत राहणारांचा हिशेबहि मांडला पाहिजे. तिवई तिन्ही पायांवर उभी असते हें खरें. पण ती मांडतात ती तिच्यावर कांहीं ठेवण्यासाठीं.

उद्यां सकाळीं घडीची पोळी लाटली जाईल, कोणी मोटर स्टारमधून डेल्टांत नेईल, कोणी बोल्ट पिळील, आणि कोणी गाडी बाहेर काढील. त्या प्रत्येकाच्या हातीं हा जुना शब्द असणार आहे. गाडी काढणारानें बैठकीखालचा तो तांबडा त्रिकोण वेष्टनांतून काढून हाताशीं ठेवला, तरी या भाषणाचें सार्थक झालें असें मी समजेन.